‘पँडोरा’वरची झडप

‘बाउंटी’ जहाजावरचं बंड जगभर गाजलं, त्यावर चित्रपटही निघाले. त्या बंडखोरांना धरून आणायला निघालेली ‘पँडोरा’ मात्र विस्मरणात गेली.

24 तोफांची ही ब्रिटिश फ्रिगेट 1779 मध्ये डेप्टफर्डच्या गोदीत पाण्यात उतरली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली कामगिरी आटोपल्यावर ती 1783 पासून चॅटमला नुसती उभी होती. 1790 च्या नोव्हेंबरात कॅप्टन एडवर्ड एडवर्ड्सच्या हाताखाली ती दक्षिण समुद्राकडे निघाली. नौदलाचा हुकूम दुहेरी होता: कैदी निसटता कामा नयेत, पण त्यांच्या जिवाचीही काळजी घ्यावी.

मार्च 1791 मध्ये ताहितीला 14 जण हाती लागले. त्यांतला जोसेफ कोलमन तर आपण होऊन जहाजावर आला होता. तो आणि आणखी तिघे बंडात नव्हते. त्यांना नाइलाजाने ‘बाउंटी’वर राहावं लागलं होतं. तरीही बेड्या सगळ्यांनाच पडल्या. त्यांच्यासाठी डेकवर सुमारे अकरा फूट बाय अठरा फुटांचा लाकडी खोका ठोकला होता. आत जायची वाट एकच, छतातल्या झडपेतून. उन्हाने आत काहिली व्हायची आणि घाम धारांनी वाहायचा. खलाशी त्या खोक्याला ‘पँडोराची पेटी’ म्हणत.

28 ऑगस्टच्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर जहाज आदळलं. रात्रभर पंप चालले. त्यासाठी तिघा कैद्यांना बाहेर काढलं. बाकीचे साखळदंडातच होते. पहाटे बेड्या तोडायला एक कारागीर आत उतरला, तोच वरून झडप पुन्हा बंद झाली. जहाज कलंडू लागलं. तेव्हा बोसनचा मदतनीस विल्यम मूल्टर खोक्यावर चढला आणि त्याने अडसर काढला. 31 खलाशी आणि चार कैदी बुडाले. दहा कैदी वाचले. झडप उघडली नसती तर त्यांतले बरेचसे आतच गेले असते.

हुकुमाचा पहिला भाग एडवर्ड्सने काटेकोरपणे पाळला. दुसऱ्या भागाची लाज मूल्टरने राखली, आणि तीही स्वतःचा जीव धोक्यात घालून.

वाचलेले सगळे चार होड्यांतून तिमोरला पोहोचले. 1792 मध्ये पोर्ट्समथला खटला उभा राहिला. कोलमनसह चौघे निर्दोष सुटले, सहा जणांना फाशी सुनावली गेली, प्रत्यक्षात तिघांना झाली. ‘पँडोरा’चे अवशेष 1977 मध्ये सापडले. तिथून वर काढलेल्या वस्तू, जहाजाचे डॉक्टर जॉर्ज हॅमिल्टन यांचं मानलं जाणारं खिशातलं घड्याळ धरून, क्वीन्सलँड म्युझियमने जपल्या आहेत. आणि अपघाताच्या जागेजवळच्या एका वाळूच्या बेटाला आज मूल्टरचं नाव आहे.