राउटर माजघरात आणा!

आमचं खामगाव हे पारख्यांचं गाव. चांदीचा दागिना नुसता तळहातावर तोलून त्याचा कस सांगणारे, चिमूटभर कापूस बोटांनी ओढून त्याच्या धाग्याची लांबी सांगणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. पण घरातलं वायफाय रेंगाळायला लागलं, की हीच पारखी मंडळी पारख खुंटीला टांगून ठेवतात आणि ठरलेल्या तीन वाक्यांपैकी एक वाक्य बोलतात. पहिलं, ‘कंपनीच चोर आहे.’ दुसरं, ‘खामगावात असंच चालायचं.’ आणि तिसरं, ‘मोठा प्लॅन घेऊन टाकू.’

माझा या तिन्ही वाक्यांना जाहीर विरोध आहे. कंपन्या चोर की साव, याची वकिली मी घेतलेली नाही. पण चोर धरायचा, तर चोरी कुठे झाली हे आधी पाहायला नको का?

ते पाहायला पाच मिनिटं लागतात. राउटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर लावा आणि वेग मोजा. मग वायर काढा, नेहमीच्या जागी बसा आणि पुन्हा मोजा. वायरवरही रडगाणंच असेल, तर खुशाल कंपनीला धारेवर धरा. मात्र वायरवर ९५ आणि मागच्या खोलीत ४ असा हिशेब निघाला, तर माल तुमच्या दारात बिनबोभाट पोचला आहे. चोरी घरात झाली आहे. (आणि शंभराचा प्लॅन घेऊन फाइल साडेबाराच्याच वेगाने उतरते, म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी मोजते मेगाबिटमध्ये, संगणक दाखवतो मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. तोळा आणि ग्रॅम यांतला फरक खामगावकरांना मी काय सांगावा!)

खरं म्हणजे ही गोष्ट आम्हाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. १८७० साली कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. मुंबई-नागपूरची गाडी जलंबपर्यंत किती का धावत येईना, पुढचे तेरा-चौदा किलोमीटर फाट्याच्याच चालीने कापायचे असतात. वायफायचं नेमकं तसंच आहे. काचेच्या तारेतून मजकूर घरापर्यंत विजेसारखा येतो. राउटर हे आपलं जलंब. तिथून संगणकापर्यंतचे वीस फूट म्हणजे फाटा. त्या फाट्यावर भिंती, कपाटं आणि कूलर आपणच उभे केलेले असतात, आणि शिव्या मात्र मुंबईच्या गाडीला!

आता हे जलंब आपण कुठे वसवतो? दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. माझ्या शेजारच्या काकाजींना मी विचारलं, “काकाजी, हा डबा इथं काऊन ठेवला?”

“मंग कुठं ठेवू, बावा? वायर इथूनच येते. अन् टीव्हीपाशी दिसतेबी बरा.”

“अन् पोरगी कुठं बसते?”

“मांगच्या खोलीत. तिले काय, अभ्यासच तं करायचा असते.”

या ‘अभ्यासच तं’शी माझं भांडण आहे. पोरगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सराव परीक्षेचं घड्याळ पुढे पळत असतं, पडद्यावर चक्र फिरत असतं, आणि पुढल्या खोलीत काकाजी रिमोट हातात धरून घोरत असतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग सेकंदाला २ मेगाबिट ठरवला. त्या दुपारी मागच्या खोलीत मी दीड मोजला. म्हणजे शंभराचं बिल भरणाऱ्या घरातली मुलगी सरकारी व्याख्येनेसुद्धा ब्रॉडबँडच्या बाहेर राहत होती. ताज्या पोळ्या पुढच्या पंगतीला आणि मागच्या पंगतीला उरलंसुरलं, ही आपली जुनी रीत आता लहरींनाही लागू झाली.

त्या लहरींच्या वाटेत काय काय होतं, तेही ऐका. एक लोखंडी कपाट. लोखंडाला लहर आपटली, की परत फिरते. खिडकीत कूलर. त्याचा पत्रा लहरी परतवतो आणि टाकीतलं पाणी उरलेल्या पिऊन टाकतं. मे महिन्यात वऱ्हाडात कूलर हलवा म्हणण्याची माझी छाती नाही, पण राउटर तर हलवता येतो! स्वयंपाकघरातलं मायक्रोवेव्ह पुन्हा वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतं, म्हणजे चहा गरम झाला की अभ्यास थंड.

राउटरची दोन रूपं असतात. २.४वाला चालतो हळू, पण भिंतीपलीकडे पोचतो. ५वाला धावतो जोरात, पण दुसऱ्या भिंतीशी त्याला दम लागतो. मागच्या खोलीतून ५ला लोंबकळणं किंवा राउटरशेजारी बसून २.४ धरणं, दोन्ही उलटंच. २.४मध्येही एकमेकांच्या पायात न येणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. शेजारी सगळे सहावर असतील, तर आपण अकरावर जावं. आणि संगणकाचा पत्र्याचा डबा टेबलाखाली भिंतीला पाठ लावून बसला असेल, तर त्याच्या मागे खोचलेला वायफायचा तुकडा एक मीटर वायरने वर टेबलावर आणा. काकाजींच्या घरी एवढ्यानेच दिडाचे नऊ झाले.

‘त्यापेक्षा मागच्या खोलीत रिपीटर लावू,’ असा एक सल्ला हमखास येतो. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, त्याने दुसऱ्याला काय सांगायचं? रिपीटर लावायचाच, तर निम्म्या वाटेवर लावा, आणि साधा असेल तर वेगही निम्माच धरा. मोठा प्लॅन घेणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. नळाचं पाणी कोपरात तुंबलं, म्हणून कोणी नगरपालिकेकडे दुसरं धरण मागत नाही.

उपाय एकच आहे. राउटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळा ठेवा. वायर आठ-दहा मीटर वाढवावी लागेल. ती भिंतीवर दिसेल, हे कबूल. तीन पिढ्यांचे फोटो, घड्याळ आणि चार कॅलेंडरं ज्या भिंतीवर खपतात, तिथे एक वायर खपणार नाही? आणि जमलं तर मागच्या खोलीतल्या संगणकाला थेट वायरच द्या. बिनतारीपेक्षा तार भरवशाची, हे परीक्षेच्या दिवशी पटतं.

काकाजींनी राउटर माजघराच्या दारावर चढवला आहे. मागच्या खोलीत आता चाळीस मिळतात. टीव्ही मधूनमधून अडकतो, अशी त्यांची तक्रार आहे. अडकू द्या. त्यांना मॅचचा निकाल उद्याच्या पेपरातही वाचता येईल. पोरीचा पेपर मात्र उद्यावर ढकलता येत नाही.