एअर इनटेक बदलला की मायलेज वाढतं? रील्समधल्या दाव्यात किती दम आहे?

बॉनेट उघडलेलं, आत लालभडक शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच घुमणारा आवाज. अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. खाली कॅप्शन ठरलेलं असतं : ‘पॉवर वाढली, मायलेजही वाढलं!’

ई-२० पेट्रोलमुळे गाडीचं मायलेज घटलं, अशा तक्रारींनी २०२५ मध्ये सोशल मीडिया भरून गेला होता. त्यामुळे मायलेज वाढवून देणाऱ्या कुठल्याही वस्तूला आज गिऱ्हाईक आहे. पण खिशातले काही हजार रुपये काढण्याआधी हा दावा तपासून पाहायला हवा.

एअर इनटेक नेमकं काय करतं?

पेट्रोल जळायला हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा, असं हे गणित आहे. १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला असेल, तर मिनिटाला जवळपास १२०० लिटर हवा ओढतं. ही हवा आत नेणारा पाइप, फिल्टर आणि फिल्टरचा डबा मिळून एअर इनटेक होतं.

बाहेरून बसवायचे पर्याय मुख्यतः तीन. पहिला, कंपनीच्याच डब्यात बसणारा धुवून वापरायचा फिल्टर, म्हणजे ड्रॉप-इन. दुसरा शॉर्ट रॅम. यात डबा काढून इंजिनाजवळच उघडा फिल्टर लावतात. तिसरा कोल्ड एअर इनटेक. यात लांब पाइपने फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेतात. रील्समध्ये जास्त दिसतात ते शेवटचे दोन.

मग मायलेज वाढतं का?

रोजच्या वापरात फरक पडण्याची शक्यता फार कमी.

पेट्रोल गाडीत किती हवा आत जाणार, हे थ्रॉटल ठरवतो. ट्रॅफिकमध्ये किंवा हायवेवर आरामात चालवताना तो अर्धवटच उघडा असतो. म्हणजे वाट अडवून थ्रॉटल बसलेला असताना आपण त्याच्या आधीचा फिल्टर मोकळा करतो. शिवाय जितकी हवा आत येते, त्या हिशेबाने गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल सोडतो. हवा जास्त आली तर पेट्रोलही जास्त जाणार.

अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये याची चाचणी घेतली होती. आधुनिक फ्युएल इंजेक्शन गाड्यांमध्ये फिल्टर चोंदलेला असला तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो पिकअपवर. चोंदलेल्या फिल्टरने मायलेज घटत नसेल, तर स्वच्छ फिल्टर काढून महागडा लावल्यावर ते वाढेल कसं?

ई-२० चा मुद्दा तर वेगळाच आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. इंधनातच ऊर्जा कमी असेल, तर ती फिल्टर बदलून भरून निघत नाही.

आणि पॉवर?

इथे दाव्यात थोडं तथ्य आहे. थंड हवा दाट असते, म्हणून तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. गंमत अशी की, बहुतेक गाड्यांमध्ये कंपनी ग्रिलच्या बाजूने बाहेरचीच हवा घेते. तो डबा काढून शॉर्ट रॅम लावला, की इंजिनाजवळची गरम हवा आत जाऊ लागते. आवाज वाढतो, त्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं. साध्या, ट्यूनिंग न केलेल्या गाडीत प्रत्यक्ष फायदा झालाच तर तो किरकोळ असतो.

तोटा काय होऊ शकतो?

पहिला धोका धुळीचा. खडी क्रशरजवळचा किंवा गावाकडचा कच्चा रस्ता रोजचा असेल, तर फिल्टर हवा किती सोडतो यापेक्षा धूळ किती अडवतो हे महत्त्वाचं. बारीक धूळ आत गेली की पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजतात. तेल लावायच्या फिल्टरला जास्त तेल झालं, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

दुसरा धोका पावसाचा. कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर खाली असतो. तुंबलेल्या सबवेत गाडी घातली आणि फिल्टर बुडाला, तर इंजिन थेट पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं. आणि केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर त्या क्लेमवरही वाद होऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. एअर फिल्टरची नोंद आरसीत नसते, त्यामुळे ड्रॉप-इन फिल्टरवरून सहसा अडचण येत नाही. पण नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ नुसार ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडली, तर कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग घ्यायचं काय?

मायलेजसाठी घेत असाल, तर काहीच घेऊ नका. टायरमधली हवा तपासा आणि कंपनीचा फिल्टर वेळेवर बदला. धुळीच्या भागात तो सांगितलेल्या मुदतीआधीच बदलावा लागतो.

तरीही हौस असेल, तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला ड्रॉप-इन फिल्टर हा सगळ्यात कमी जोखमीचा पर्याय. पाकिटावर आयएसओ ५०११ चाचणीनुसार धूळ अडवण्याचा आकडा दिलाय का, ते बघा. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. जुना फिल्टर आणि डबा फेकू नका. गाडी विकताना, वॉरंटीच्या वेळी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर तोच कामी येईल.

आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. टोइंगचा खर्च नव्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.