आवाज पलीकडे पोचला पाहिजे



मोहर्लीचे नाव ताडोब्याच्या वाघांमुळे देशभर गेले आहे. पर्यटक येतात, वाघ पाहून जातात. गावातली शिकलेली मुले मात्र नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबईकडे जातात आणि घरचा त्यांच्याशी संबंध उरतो तो फोनच्या पडद्यावर. तेवढेच असते तर हा विषय आम्ही घेतला नसता. पण आता नोकरीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते, कोर्टातील सुनावणी होते, वर्षावासातील ग्रंथवाचन ऐकायला बाहेरगावची मुले फोनवरूनच बसतात. आणि नेमके तेथे चेहरा दिसतो, आवाज येत नाही.

मुलाखत घेणारा दोनदा म्हणतो, “पुन्हा सांगा.” तिसऱ्यांदा तो म्हणत नाही. मुलीला उत्तर येत नव्हते असे धरून तो पुढच्या उमेदवाराकडे वळतो. तिचे शिक्षण, आईबापाची मजुरी, सारे त्या दहा मिनिटांत अडकलेले असते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘मूकनायक’ होते. शिकून-सवरून आपली मुले एका फोनपायी मुकी ठरावीत, हे आम्हाला पटत नाही.

दुकानदार सांगतो, महागडा माइक घ्या. आमचे म्हणणे, आधी खिशाला हात लावू नका. बऱ्याचदा दोष अंतराचा असतो. तोंडापासून माइकचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या आवाजाची शक्ती चौथा हिस्सा उरते. एका वितीवरचा फोन चार वितींवर ठेवला तर सोळावा हिस्सा! खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मग फोन सगळेच मोठे करून पाठवतो, तुमचे बोलणे आणि कुलरची घरघर दोन्ही. चेहरा नीट दिसावा म्हणून फोन दूर भिंतीला टेकवून ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिने आवाज मारला जातो.

यावर स्वस्त उपाय म्हणजे वायरचा इअरफोन, ज्याच्या वायरवर छोटा माइक असतो. तो तोंडाजवळ राहतो. शिवाय पलीकडचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघून पुन्हा आपल्याच माइकमध्ये शिरत नाही, म्हणून समोरच्याला स्वतःचे बोलणे परत ऐकू येत नाही. फक्त तो माइक ओढणीला, गळ्यातल्या माळेला घासू देऊ नये. पलीकडे खरखर जाते आणि इकडे कोणाला पत्ताही नसतो. बिनवायरचे स्वस्त इअरफोन गाणी ऐकायला बरे. त्यांचा माइक सुरू झाला की बऱ्याचदा आवाजाचा दर्जा उतरतो, त्यामुळे स, श, फ ही अक्षरे एकमेकांत मिसळतात.

इअरफोन नसेल तर फोन जवळ घ्यावा. बहुतेक फोनांचा माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक छिद्रात असतो. तेथे बोट येते, कव्हर येते, धूळ बसते. कोरड्या मऊ ब्रशने साफ करावे. टाचणी घालू नये, आतला पडदा फाटतो.

आता घराचे पाहू. सिमेंटच्या उघड्या भिंती आणि वर टिनाचे पत्रे, अशा खोलीत आवाज आदळून परत येतो व बोलणे हौदातून आल्यासारखे वाटते. समोर दोरीवर गोधडी टांगावी, खाली सतरंजी टाकावी, फरक लगेच कळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात कुलर बंद करा म्हणणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण मुलाखत पंधरा मिनिटांची असेल तर तेवढा वेळ बंद ठेवावा, निदान त्याचा वारा माइकवर येऊ देऊ नये. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र शेजारच्या स्लॅबच्या घरी जावे हेच खरे.

दोष नेटवर्कचा की माइकचा, हेही ओळखता यावे. शब्द मधूनच गळत असतील, आवाज यंत्रासारखा होत असेल तर बहुधा नेटवर्क. समोरच्याला सांगून आपला व्हिडिओ बंद करावा, आवाजाला वाट मिळते. आवाज सलग पण बारीक वा घुमटलेला येत असेल तर अंतर आणि खोली तपासावी. आदल्या दिवशी त्याच जागी बसून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला कॉल लावावा व खरे सांगायला लावावे.

विहारात एक गोष्ट हमखास दिसते. फोन लाउडस्पीकरच्या डब्यासमोर ठेवतात. तो वाचणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा. एकाच सभेत शेजारी-शेजारी दोन फोन जोडले तर शिट्टी सुरू होते, म्हणून एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत. सामूहिक वंदना मध्येच तुटते ती वेगळ्या कारणाने. हे ॲप सततच्या सुराला गोंगाट समजून दाबते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय आहे, वंदनेपुरती ती सुरू करावी.

कोर्टाचे मात्र नीट लक्षात ठेवावे. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओद्वारे सुनावणीसंबंधी आदेश दिला. आवाज नीट येत नसल्याची तक्रार सुनावणी चालू असताना किंवा ती संपताच करावी, नंतर ती ऐकली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. पुढे उच्च न्यायालयांनी आपापले नियम केले, ते वकिलांना विचारून घ्यावेत. आपली माणसे साहेबांपुढे संकोचतात, अर्धे ऐकून मान हलवतात. तसे करू नये. ऐकू आले नाही तर तेथल्या तेथे “साहेब, आवाज येत नाही” म्हणावे. आणि ज्याच्याकडे फोन वा नेटवर्कच नाही, त्याला ती सोय न्यायालयाने उपलब्ध करून द्यावी, असेही त्याच आदेशात होते. वकिलांमार्फत ती मागावी, तारखेच्या आधीच.