विचारणा पारावर, ठराव ग्रामसभेत

पिंपळाच्या पारावर, शाळेच्या ओट्यावर नाहीतर डेअरीपुढे माणसे जमतात, सरपंच किंवा ग्रामसेवक तिथे येऊन टेकतात आणि नळाला पाणी का येत नाही इथपासून घरकुलाच्या यादीतून नाव कसे गळाले इथपर्यंत सगळे निघते. या बैठकांवर पंचायतराजाच्या जाणकारांचा रोष आहे. त्यांचे म्हणणे असे की, ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाने वर्षाला किमान चार सभा सक्तीच्या केल्या आणि त्या टाळणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकेल अशी तरतूदही ठेवली. एवढे हक्काचे व्यासपीठ असताना पारावर गाऱ्हाणे घालणे म्हणजे नागरिकाने पुन्हा रयत होणे होय. आणि पारावर भागले की ग्रामसभेकडे फिरकतो कोण? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. ग्रामसभा ओस पडण्याचा दोष पारावर ढकलण्याआधी त्या सभेचे गणित पाहायला हवे.

गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात १०० जणांनी सह्या केल्या की सभा कायदेशीर. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. ज्याला गावाला न विचारता ठराव करून घ्यायचा आहे त्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचा नियम शोधून सापडणार नाही. शिवाय सभांच्या रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. मे आणि ऑगस्ट यांच्या मधे पेरणी येते आणि निम्मा पावसाळा उलटतो. तुंबलेली मोरी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दिसते. ती सभेत सांगण्याची पाळी येईपर्यंत पाणी घरांत शिरून ओसरलेलेही असते. विशेष ग्रामसभा बोलावता येते हे खरे, पण मोरीसाठी ती बोलावल्याचे कोणी ऐकले आहे? मग उरतो विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. गावाचे जिव्हाळ्याचे प्रश्न या अडगळीत पडतात, तेही लोक उठायच्या बेतात असताना.

पारावरच्या बैठकीत तक्रारीचा प्रश्न होतो, आणि हे काम ग्रामसभेच्या गर्दीत होऊ शकत नाही. उदाहरण पैशाचेच घेऊ. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधील ठेवला. आळीत दिव्याचा खांब मागणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसेल तर ‘निधी नाही’ हे ग्रामसेवकाचे उत्तर त्याला सरळसरळ थाप वाटते, आणि सभेत नुसता आरडाओरडा होतो. पारावर निवांतपणे बसून हे कळले, तर तोच माणूस पुढच्या सभेत उरलेल्या ४० टक्क्यांचा हिशेब मागतो. आरडाओरड्याला सरपंच घाबरत नाहीत, हिशेबाला घाबरतात.

याचा सर्वांत भक्कम दाखला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला आहे. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणला. त्या यशाचे श्रेय एकट्या ग्रामसभेला दिले जाते, पण देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाचा गाभा दोन कप्प्यांचा होता. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बसवावे, कायदा समजून घ्यावा, वाद घालावा. तिथे निर्णय मात्र करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वांच्या सहमतीने. यावर म्हणतात, मेंढा काही शे वस्तीचे, गोंडांचे, एकजिनसी गाव. त्याचे उदाहरण चार जातींच्या आणि दोन गटांच्या मोठ्या गावाला लागू पडत नाही. सहमतीची पद्धत पडत नसेल, मान्य. पण विचार करण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवायला एकजिनसीपणा कशाला लागतो? उलट जिथे गट आहेत तिथे या वेगळेपणाची गरज जास्त.

आता खरा अवघड आक्षेप. पार कोणाचा? गावगाड्यात तो देवळापुढचा, पाटलाच्या बैठकीचा होता. तिथे महारवाड्यातल्या माणसाने लांब उभे राहायचे आणि बायकांनी पदर सावरून पुढे जायचे. डॉ. आंबेडकरांनी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला आणि १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गौरवाची झाडाझडती घेतली, ती याच अनुभवाच्या बळावर. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून जातपंचायतींची बैठक संपली नव्हती हे उघड आहे. तेव्हा पारावरची बैठक म्हटले की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांना भ्याड म्हणण्याचे कारण नाही. मात्र जातपंचायतीचे विष अनौपचारिकपणात नव्हते, निवाडा करून तो लादण्यात होते. जिला कोणाला दंड करता येत नाही, यादीत नाव घालता वा काढता येत नाही, अशी बैठक जुलूम कशाच्या जोरावर करणार? दबाव तरीही येतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे बैठकच हलवणे: एकदा बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात, एकदा अंगणवाडीत, पाण्याची वेळ पाहून. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायला कायदा सांगतोच. पण नळाच्या वेळा ठरवण्यावर बायकांना जे बोलायचे असते ते सह्यांच्या वहीपुढे निघत नाही. आणि औपचारिक ग्रामसभेत हे दडपण नाहीसे होते, असे तरी कोण छातीठोकपणे म्हणेल? तिथे तर सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमानच बोलतात.

राहिला नोंदीचा मुद्दा. तोंडी आश्वासन उद्या नाकारता येते, म्हणून बैठक फोल, असे म्हणतात. इथे आक्षेपकांचे निम्मे ऐकले पाहिजे. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर एका कागदावर उतरले पाहिजे, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला पाहिजे. शेवटच्या ऐनवेळच्या विषयांत नव्हे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले की झाले असे मानणाऱ्यांनी एवढे पाहावे की तिथे उत्तर न देता वाचून सोडणे फार सोपे असते. समोर बसलेल्या ग्रामसेवकाला गप्प बसणे जड जाते.

त्या ग्रामसेवकाचीही बाजू आहे. २०२४ मध्ये त्याचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झाले, तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. पाट्या बदलल्या तरी एकाच्या गळ्यात दोन-तीन गावे असतात ती असतातच. आधीच दाखले, पोर्टल, बैठका, त्यात ही आणखी एक, ही त्याची कुरकूर खोटी नाही. पण आज त्याच फुटलेल्या पाइपासाठी एका आळीतली दहा माणसे त्याला दहा ठिकाणी गाठतात, एक फोनवर, एक एसटी स्टँडवर, एक बाजाराच्या दिवशी भाजी घेताना, आणि प्रत्येकाला तो निराळे काहीतरी सांगून सुटका करून घेतो. महिन्यातून एक संध्याकाळ त्या आळीला दिली, तर ही दहा उत्तरे एकदाच, सर्वांसमक्ष आणि एकसारखी द्यावी लागतील. त्याचा वेळ त्यात वाचतोच. अडचण असेल तर ती एकसारखे उत्तर देण्याची आहे.