सातबारा मागणारे, संदर्भ न मागणारे

2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसिलांमधली वर्षानुवर्षे बांधून पडलेली दप्तरे सुटली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे. कुठे मोडी, कुठे उर्दू, कुठे फारसी. मोडी वाचता येणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. त्या मागणीच्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. एवढे मात्र त्या दिवसांत लख्ख दिसले की पुरावा म्हणजे काय, हे आमच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पणजोबाची नोंद मूळ वहीतली की नंतर उतरवलेली, शाई एकच आहे की वर कुणी गिरवले आहे, पान कितवे, साल कोणते, नक्कल साक्षांकित आहे का, हे प्रश्न अंगठा उठवणारा म्हातारासुद्धा विचारत होता.

अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. या तारखा मराठवाड्यातल्या घराघरात पाठ आहेत. बांधाचा वाद निघाला की फेरफार कोणत्या सालचा ते आधी विचारले जाते. जवळा बाजारला हळद घातलेला शेतकरी काट्यावरून पट्टी हातात पडल्याशिवाय हलत नाही. हमाली, तोलाई किती कापली ते तिथल्या तिथे बोट ठेवून पाहतो.

आणि याच शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयात संशोधन प्रकल्प लिहितो तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावर काय असते? ‘संदर्भ : गुगल, यूट्यूब, सरांच्या नोट्स.’

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातले बाजाराचे गाव. पंचक्रोशी हळदीची. हळदीवरचा असाच एक प्रकल्प माझ्या पाहण्यात आला. मुखपृष्ठ रंगीत, बांधणी उत्तम, मागे संस्थेचे बोधचिन्ह. आत चौथ्या पानावर वाक्य होते : ‘आमच्या सांगली जिल्ह्यातील शेतकरी बांधव...’ विद्यार्थी हिंगोली जिल्ह्यातला, त्याच्या अंगणात हळद शिजवायचा कुकर उभा, उन्हाळाभर आईच्या हातांचा पिवळा रंग जात नाही, आणि तो लिहितो आमच्या सांगली जिल्ह्यातील. त्याने वाचले नव्हते. मार्गदर्शकानेही वाचले नव्हते, पण सही केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकाने गुण दिले होते, चांगले दिले होते. टायपिंगच्या दुकानदाराने नाव बदलले आणि गाव बदलायचे राहून गेले, एवढाच काय तो गुन्ह्याचा माग.

या मुलाला मी दोष देणार नाही. विसाव्या वर्षी तो जे करतो ते आपण त्याला दहाव्या वर्षापासून शिकवत आलो. निबंध कोणाचा? गाईडमधला. विज्ञानाची प्रतिकृती कोणी केली? बापाने बाजारातून आणली. जयंतीला व्यासपीठावर वक्ता महापुरुषाच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालतो आणि सभेतला एकही माणूस उठून विचारत नाही की हे कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर? विचारले तर तो महापुरुषाचा अपमान ठरतो. मोबाइलवर आलेला मजकूर ‘जसाच्या तसा’ पुढे ढकलणाऱ्यांत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि सांगायला लाज वाटते, इतिहासाचे प्राध्यापकही असतात.

प्राध्यापकांचा विषय निघालाच आहे तर तो नीट काढू. 2010 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकाच्या बढतीला गुणांकन जोडले. छापलेल्या लेखाला गुण मिळू लागले आणि गुणांमागे पगार आला. मग लेखांचे कारखाने निघाले. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ असे भारदस्त नाव घेतलेले नियतकालिक एखाद्या फ्लॅटमधून निघते. पैसे भरले की आठवड्यात लेख छापून येतो आणि तज्ज्ञांनी तपासल्याचे प्रमाणपत्रही सोबत येते. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचीच तपासणी करून तिच्यात किती निकृष्ट माल शिरला आहे ते दाखवले. 2018 च्या मे महिन्यात आयोगाला त्या यादीतून 4,305 नियतकालिके एका फटक्यात काढावी लागली. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याचे नियम आले : साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, 40 पर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्या, 60 पर्यंत असेल तर वर्षभर थांबा, त्यावर गेले तर नोंदणी रद्द. नियम चांगलेच आहेत. पण आमच्या हुशार लोकांनी त्यातून एवढाच धडा घेतला की शब्द फिरवावेत. इंग्रजी उतारा मराठीत उतरवला की शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या हाती तो सहसा लागत नाही. ‘टक्केवारी कमी करून मिळेल’ असा नवा धंदाही निघाला. चोरी मोजायचे माप हाती आले आणि लगेच मापात पाप सुरू झाले.

आता तर विचारताक्षणी लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांना संदर्भ मागा, ती बिनदिक्कत देतात : लेखक, ग्रंथ, साल, पृष्ठांक. यातला लेखक कधीकधी जन्मालाच आलेला नसतो. ज्या मुलाने आयुष्यात एकही संदर्भ ग्रंथ काढून ताडून पाहिला नाही, त्याला ही थाप कशी ओळखू यावी?

हे सारे परकीय शिस्तीचे खूळ आहे, आपल्या मातीत असले काही नव्हते, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. त्यांनी लीळाचरित्राकडे पाहावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून. पुढे मूळ पोथी धामधुमीत गेली आणि आठवणीतून पुन्हा पाठ सिद्ध झाले. ते एकमेकांशी जुळेनात तेव्हा महानुभावांनी गैरसोयीचा पाठ गाडून टाकला नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, अशी नोंद त्यांनी ग्रंथातच ठेवली. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा असा साक्षी नोंदवत उभा राहिला आहे. पैठणच्या एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून त्यांत शिरलेले अपपाठ काढले. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले, 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्या मालेचे बावीस खंड पुढे आले. आपण त्यांच्या नावाने पुरस्कार देतो. त्यांची सवय मात्र आपण घेतली नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या पायाशी तर संशोधनाचे सोने पडले आहे. नामदेवांचा जन्म नरसीचा, असे या जिल्ह्यात शेंबडे पोरही सांगेल. मग पंढरपूरचा पक्ष काय म्हणतो? कोणत्या अभंगावर कोणाची भिस्त आहे? तो अभंग नामदेवांचाच कशावरून, की पुढे सोळाव्या शतकात झालेल्या विष्णुदास नाम्याचा गाथेत मिसळला? शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदे आहेत. ते संकलन 1604 चे, त्याची साक्ष कुठवर धरायची? औंढ्याचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, ही कथा कीर्तनात ऐकताना मीही हात जोडतो. इतिहासाच्या प्रकल्पात मात्र ‘अशी आख्यायिका आहे’ एवढे तीन शब्द लिहायला भक्ती आड येत नाही. नागनाथाचे ज्योतिर्लिंग औंढ्याचे की द्वारकेजवळचे, या वादात दोन्हीकडचा आधार समोरासमोर मांडणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. आपलाच पक्ष खरा, असे पहिल्या ओळीत जाहीर करून मोकळे झालेले पुष्कळ भेटले.

हळदीचेच घ्या. जवळा बाजारचा मुलगा ठरवील तर महिन्याभरात असे काही लिहील की पुण्याच्या ग्रंथालयात बसून कोणाला लिहिता येणार नाही. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून उभे आहे. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या अर्जात जमीन, वाण, हवामान यांचे दावे कशाच्या बळावर केले, ते वाचता येते. परभणीच्या जुन्या गॅझेटियरमध्ये हा सारा भाग सापडतो, कारण हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. आणि सगळ्यांत मोठे साधन म्हणजे बिटाला उभा असलेला शेतकरी. त्याला विचारताना तारीख लिहा, गाव लिहा, भाव कांडीचा सांगतो की गट्टूचा ते लिहा, एकरी उतारा ओल्या हळदीचा की वाळवून पॉलिश केलेल्या हळदीचा ते विचारा. हा एक प्रश्न चुकला तर पुढचे सगळे आकडे मातीमोल. खतकंपनीच्या पत्रकात छापलेले उत्पादन आणि विद्यापीठाच्या चाचणीतले उत्पादन यांना एका मापाने मोजू नका. पत्रक काढणाऱ्याला माल खपवायचा आहे. गेल्या वर्षीचा भाव ‘सध्याचा भाव’ म्हणून देऊ नका. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर अवतरणात घ्या, विचार घेतला तर नाव सांगा, पान सांगा. आणि दोन साधने भांडत असतील तर ते भांडण लपवू नका. बहुधा खरा शोध तिथेच असतो.

एवढे शिकवायला संगणकाची प्रयोगशाळा लागत नाही. मराठी विश्वकोश आणि जिल्ह्यांचे गॅझेटियर फुकट वाचता येतात, देशभरचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर उघडे आहेत. लागते ती ‘कशावरून?’ असे विचारलेले सहन करण्याची ताकद. ती आमच्या घरात नाही, कारण बापाला उलट विचारणे उद्धटपणा. वर्गात नाही, कारण सरांना विचारले तर अंतर्गत गुण कापले जातील. पक्षात नाही, संप्रदायात नाही, जातीच्या मेळाव्यात तर नाहीच. ज्याच्या दाखल्यासाठी हैदराबादेपर्यंत कागद शोधले जातात, त्याच मुलाच्या बुद्धीला आपण बिनपुराव्याचे खाऊ घालतो. हा अपराध त्याचा नाही, आपला आहे आणि तो जाणूनबुजून केलेला आहे.

म्हणून मागणे नेमके करतो. बाजार समितीने हळदीच्या आवकेचे आणि भावाचे जुने रजिस्टर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला बसून पाहू द्यावे. अनुदान घेणाऱ्या गावच्या ग्रंथालयांनी जिल्ह्याचे संदर्भ एका कपाटात काढून ठेवावेत आणि त्या कपाटाला कुलूप लावू नये. मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी प्रकल्पातले कोणतेही एक पान उघडून विद्यार्थ्याला ‘हे कुठून घेतले?’ असे विचारावे आणि उत्तर आले नाही तर वही परत करावी. पालकांनी तर आजच सुरुवात करावी : रंगीत मुखपृष्ठाचे पैसे देण्याआधी मुलाकडून शेवटचे पान वाचून घ्यावे. तिथे गुगल लिहिलेले असेल तर पैसे देऊ नयेत.