पोस्टरवर पहिला, पडद्यावर तिसरा

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा डेव्हिड लीनचा चित्रपट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा जाहिरातीत सर्वांत वर विल्यम होल्डनचे नाव होते. सर्वाधिक मानधनही त्याचेच. प्रत्यक्षात अभिनयाचे ऑस्कर ॲलेक गिनेसला मिळाले आणि कथेचा निम्मा भार ज्याने उचलला तो सेसू हायाकावा सहायक अभिनेत्याच्या नामांकनावर थांबला. युद्धपटांच्या इतिहासात या चित्रपटाचे स्थान पक्के आहे, पण त्यातल्या नटांचा दर्जा ठरवताना बाजाराचा हिशेब वेगळा होता आणि पडद्याचा वेगळा.

कथेचा आधार खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने सयाममधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायातपर्यंत ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. काम १९४२ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांना भिडले. सुमारे ६० हजार युद्धकैदी या कामाला जुंपले गेले. त्यांतले १२ हजारांहून अधिक उपासमार, पटकी, मलेरिया आणि मारहाणीने मेले. आशियाई मजुरांचे मृत्यू याच्या कितीतरी पट होते. अंदाज ९० हजारांच्या आसपास जातात आणि त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमीळ मजूर मोठ्या संख्येने होते. चित्रपटात हे मजूर जवळजवळ नाहीतच. ही त्याची सर्वांत मोठी उणीव, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले गेलेले नाही.

बोलले गेले ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. तामारकान येथील खऱ्या पुलाच्या छावणीतले वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी यांनी शत्रूला मनापासून मदत केली नव्हती. माणसे वाचवणे आणि काम जमेल तितके बिघडवणे, अशी कसरत त्यांनी केली. लाकडी खांबांत वाळवी सोडण्यापर्यंत मजल गेली होती. पडद्यावरचा कर्नल निकल्सन मात्र शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देण्यात धन्यता मानतो. त्यामुळे छावण्यांतून परतलेले माजी सैनिक चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता. मूळ फ्रेंच कादंबरीचा लेखक पिएर बूल मलायात मळ्यावर काम केलेला अभियंता. युद्धात तो इंडोचीनमध्ये व्हिशी राजवटीच्या फ्रेंचांच्याच हाती सापडला होता. निकल्सन घडवताना त्याच्या डोळ्यांसमोर शत्रूशी हातमिळवणी करणारे फ्रेंच अधिकारी होते. फ्रेंच अनुभवाला ब्रिटिश गणवेश चढवला गेला आणि तिथेच वादाचे बी पेरले गेले.

पटकथेची कहाणी तर स्वतंत्र चित्रपटाची आहे. ‘हाय नून’चा लेखक कार्ल फोरमन आणि त्याच्यानंतर आलेला मायकल विल्सन या दोघांची नावे अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे हॉलिवूडच्या काळ्या यादीत होती. म्हणून श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून बूलचे नाव आले, आणि ज्याला इंग्रजीत लिहिता येत नव्हते त्या लेखकाला इंग्रजी पटकथेचे ऑस्कर मिळाले. अकादमीने खऱ्या लेखकांना मान्यता दिली ती १९८४ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर. मधल्या काळात याच विल्सनने बूलच्या आणखी एका कादंबरीवरच्या पटकथेत हात घातला होता. तो चित्रपट ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’.

चित्रीकरण सयाममध्ये नव्हे, सिलोनमध्ये झाले. कितुलगला गावाजवळ केळणी नदीवर सुमारे ४२५ फूट लांबीचा लाकडी पूल खरोखर उभारण्यात आला, तोही उडवून देण्यासाठी. स्फोटाच्या दिवशी पंतप्रधान बंदरनायके स्वतः पाहायला आले होते. पहिल्या खेपेला एका कॅमेरामनकडून तो सुरक्षित जागी पोहोचल्याचा इशारा मिळाला नाही, म्हणून लीनने स्फोट रोखला. गाडी मात्र पुलावरून धडधडत पार गेली आणि पलीकडच्या जनरेटरवर आदळली. पुन्हा सगळी जुळवाजुळव झाली आणि मगच पूल पडला. कादंबरीत पूल पडत नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

आता होल्डन. १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात जन्मलेला हा नट १९३९ च्या ‘गोल्डन बॉय’मधून पुढे आला. देखणा, भरवशाचा आणि थोडा सपाट, अशी त्याची ओळख होती. ती बिली वाइल्डरने मोडली. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये (१९५०) तो वय झालेल्या नटीच्या पैशांवर जगणारा पटकथालेखक झाला आणि ‘स्टालाग १७’मध्ये (१९५३) जर्मन छावणीत देवघेवीचा धंदा करून नफा कमावणारा कैदी. या दुसऱ्या भूमिकेने त्याला ऑस्कर मिळवून दिले. ‘क्वाय’मधला शीअर्स हा त्याच कैद्याचा भाऊबंद. कादंबरीतला शीअर्स ब्रिटिश आहे. पैसा कोलंबिया या अमेरिकन कंपनीचा असल्याने पडद्यावर तो अमेरिकन झाला. अधिकाऱ्यांना बरी वागणूक मिळते म्हणून हा साधा खलाशी अधिकाऱ्याची बतावणी करतो, छावणीतून पळतो, आणि तीच बतावणी पुढे करून ब्रिटिश त्याला पुन्हा जंगलात ढकलतात. शौर्याच्या गप्पांना न भुलणारा एक माणूस कथेत हवा, ही गरज शीअर्स भागवतो. पण रुग्णालय, समुद्रकिनारा आणि परिचारिका हा भाग व्यापारी सोयीचा आहे आणि तो आला की चित्रपट ढिला पडतो. होल्डन त्यात वाईट नाही. त्याच्या वाट्याला आलेला भाग दुसऱ्या दर्जाचा आहे, इतकेच.

त्याचा करार मात्र पहिल्या दर्जाचा होता. तीन लाख डॉलर आणि शिवाय उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा, तो दरवर्षी जास्तीत जास्त ५० हजार डॉलर या हिशेबाने द्यायचा. कर वाचवण्यासाठी केलेली ही व्यवस्था चित्रपट अफाट चालल्यामुळे कंपनीच्याच पथ्यावर पडली, कारण मोठी रक्कम तिच्याकडे पडून राहिली. नटाने नुसत्या मानधनाऐवजी उत्पन्नात वाटा मागण्याची पद्धत पुढे हॉलिवूडमध्ये रुळली, तेव्हा या कराराचा दाखला दिला जाई. होल्डनने केनियात सफारी क्लब काढला आणि प्राणिसंरक्षणात मन घातले. साठच्या दशकात त्याची कारकीर्द उतरणीला लागली आणि चेहऱ्यावर मद्याच्या खुणा दिसू लागल्या. सॅम पेकिनपाने ‘द वाइल्ड बंच’मध्ये (१९६९) त्याच थकलेल्या चेहऱ्याचा उत्तम उपयोग केला. ‘नेटवर्क’साठी (१९७६) त्याला पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. नोव्हेंबर १९८१ मध्ये घरात पडून झालेल्या जखमेने त्याचा मृत्यू झाला.

गिनेसची गोष्ट याच्या अगदी उलट. चेहरा लक्षात राहू नये, ही त्याची ताकद. लंडनमध्ये १९१४ साली जन्मलेल्या या नटाला पडद्यावर आणले लीननेच, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१९४६) आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९४८) या डिकन्सच्या कथांतून. मग ‘काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स’मध्ये (१९४९) एकाच घराण्यातल्या आठ व्यक्ती त्याने एकट्याने रंगवल्या. युद्धकाळात तो नौदलात होता आणि १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकेचा प्रमुख होता. म्हणजे लष्करी शिस्त त्याने नुसती पाहिलेली नव्हती. निकल्सनची भूमिका त्याने आधी नाकारली. हा माणूस त्याला कंटाळवाणा वाटला होता. शेवटी तो सिलोनला पोहोचला, तेव्हा आपल्याला खरे तर चार्ल्स लॉटन हवा होता असे लीनने स्वागतालाच ऐकवले, हा किस्सा गिनेसच पुढे सांगत असे.

दोघांत खटके उडत राहिले. निकल्सनमध्ये थोडी विनोदाची छटा, थोडी माणुसकी असावी असे गिनेसचे म्हणणे. तो रटाळ आणि हटवादीच दिसला पाहिजे, यावर लीन ठाम. पूर्ण झालेल्या पुलावर सूर्यास्ताच्या वेळी निकल्सन आपल्या नोकरीच्या आयुष्याचा हिशेब मांडतो, तो प्रसंग लीनने पाठमोरा घेतला आणि गिनेस नाराज झाला. इथे लीनचे बरोबर होते. चेहरा न दिसल्यामुळेच त्या बोलण्यातले एकाकीपण पोहोचते. उलट, पत्र्याच्या तापलेल्या कोठडीतून निघून निकल्सन लटपटत्या पायांनी पण ताठ मानेने जपानी छावणीप्रमुख सैतोच्या खोलीकडे जातो, ती चाल सर्वस्वी गिनेसची. पोलिओतून उठलेल्या आपल्या मुलाच्या चालण्यावरून ती त्याने घेतली होती. आपल्या साऱ्या कामात ती चाल त्याला फार वरची वाटे. प्रेक्षकाला निकल्सन मूर्ख वाटतो आणि आदरणीयही वाटतो, याचे कारण नट आणि दिग्दर्शक यांच्यातला हा न मिटलेला वाद. दोघांपैकी एक पूर्ण जिंकला असता तर भूमिका एकांगी झाली असती.

ऑस्करपाठोपाठ १९५९ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. लीनने त्याला सोडले नाही: ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये तो राजपुत्र फैसल, ‘डॉक्टर झिवागो’मध्ये येवग्राफ. अखेरीस ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये (१९८४) तो प्राध्यापक नारायण गोडबोले झाला. मूळ कादंबरीचा लेखक ई. एम. फॉर्स्टर याने थोरल्या पातीच्या देवासच्या पवारांकडे चिटणिशी केली होती. कादंबरीत दक्षिणी ब्राह्मण आला त्याचे मूळ त्या मराठी दरबाराच्या परिचयात शोधायला हरकत नाही. पण चेहऱ्याला रंग लावलेला इंग्रज गोडबोले मराठी प्रेक्षकाला पटणे कठीण. त्या भूमिकेतला नाच लीनने कापला आणि गिनेस पुन्हा दुखावला. तोवर ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) त्याला नव्या पिढीत पोहोचवले होते. त्या चित्रपटाचा त्याला कंटाळा होता, त्यातला नफ्याचा वाटा मात्र जन्मभर पुरला. बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मधला (१९७९) जॉर्ज स्माइली हे त्याचे उत्तरकाळातले सर्वांत नेमके काम. त्याचे निधन २००० मध्ये झाले.

हायाकावाचे नाव आज फक्त ‘क्वाय’मुळे घेतले जाते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. जपानच्या चिबा प्रांतातला हा तरुण सेसिल डमिलच्या ‘द चीट’ने (१९१५) अमेरिकेत एका रात्रीत प्रसिद्ध झाला. मूकपटांच्या काळात तो अमेरिकन स्त्रियांचा लाडका नायक होता; १९१८ मध्ये त्याने स्वतःची निर्मितिसंस्था काढली. ‘द चीट’मध्ये त्याने रंगवलेला जपानी खलपुरुष १९१८ च्या पुनःप्रदर्शनात, जपान दोस्तांच्या बाजूला असल्यामुळे, शीर्षकपट्ट्या बदलून ब्रह्मी करण्यात आला. नट तोच, चेहरा तोच, फक्त राष्ट्रीयत्व राजकारणाच्या सोयीने बदलले. अमेरिकेत जपानविरोधी वातावरण वाढले तसा तो बाहेर पडला, फ्रान्समध्ये राहिला आणि महायुद्धाची वर्षे पॅरिसमध्ये काढली. १९४९ मध्ये हम्फ्री बोगार्टच्या ‘टोकियो जो’ने तो परतला, ‘थ्री केम होम’मध्ये (१९५०) तो जपानी छावणीचा कर्नल होता.

म्हणजे सैतोची भूमिका आली तेव्हा तो साचा तयारच होता. पण सत्तरीच्या आसपासच्या हायाकावाने त्यात जे भरले ते साच्याबाहेरचे आहे. निकल्सनपुढे हार मानताना सैतो ती उघड मान्य करत नाही. रशियावरच्या १९०५ च्या विजयाचा वर्धापनदिन म्हणून कैद्यांना सूट देत असल्याचे दाखवतो. नंतर खोलीत एकटाच रडतो. मुदतीत पूल झाला नाही तर मरणे भाग आहे आणि झाला तरी तो शत्रूच्या अधिकाऱ्याने बांधलेला असणार, ही कोंडी हायाकावा फार थोड्या शब्दांत दाखवतो. निकल्सनचा अहंकार उंच दिसतो तो समोर सैतोची ही पडझड असल्यामुळे. ऑस्कर मात्र ‘सायोनारा’च्या रेड बटन्सला गेले. हायाकावाच्या वाट्याला आली सैतोची नक्कल: ‘द गीशा बॉय’ (१९५८) या जेरी लुईसच्या विनोदी चित्रपटात त्याला घराच्या बागेत छोटा पूल बांधायला लावले. पुढे तो झेन धर्मोपदेशक झाला आणि १९७३ मध्ये टोकियोत वारला.

जॅक हॉकिन्सचा मेजर वॉर्डन, म्हणजे केंब्रिजचा विद्वान आणि स्फोटकांचा शौकीन, हा चित्रपटातला सर्वांत मजेचा आणि थोडा भीतिदायक माणूस. ‘द क्रुएल सी’पासून (१९५३) हॉकिन्स ब्रिटिश पडद्यावरचा हुकमी अधिकारी होता. युद्धात तो भारतात सैनिकांसाठी नाटकांचे दौरे आखणाऱ्या संघटनेच्या कामावर होता. पुढे ‘बेन हर’ आणि ‘लॉरेन्स’ही त्याला मिळाले. १९६६ मध्ये घशाच्या कर्करोगामुळे त्याचे स्वरयंत्र काढावे लागले; त्यानंतरच्या भूमिकांना इतर नटांचे आवाज दिले गेले आणि १९७३ पर्यंत तो काम करत राहिला.

या सगळ्याकडे हताशपणे पाहणारा लष्करी डॉक्टर जेम्स डोनाल्डने केला. ‘द ग्रेट एस्केप’मध्ये (१९६३) तो पुन्हा छावणीत दिसतो, या वेळी जर्मनांच्या, आणि वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी म्हणून. कोवळा तरुण अधिकारी जॉइस झालेला जेफ्री हॉर्न चित्रपटांत फार रमला नाही. न्यूयॉर्कमध्ये तो अभिनय शिकवू लागला.