गाळाचा पंचनामा

प्रवरेच्या पाटाखाली अतिपाण्याने चोपण झालेल्या जमिनी ज्याने पाहिल्या आहेत, त्या नगर जिल्ह्याच्या रहिवाशाला, समुद्र त्याच्या शिवारापासून कितीही दूर असला तरी, वरचे पाणी ओसरल्याने जमीन सुधारत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही. समुद्रात तेल सांडते तेव्हा मात्र हे साधे सत्य विसरले जाते, आणि तवंग दिसेनासा झाला की प्रकरण निकाली निघाले असे मानण्याचा प्रघात आहे.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या मुखाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडले, आणि घारापुरी, उरण, अलिबाग येथपर्यंतच्या किनाऱ्याला व कांदळवनांना त्याची झळ पोहोचली. पृष्ठभागावरचे तेल लाटांनी विखुरते, किनाऱ्यावरचे मजूर खरडून काढतात. परंतु त्यातील जे जड अंश गाळाच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात, ते कोणाच्याच फावड्याला लागत नाहीत.

त्याच गाळात तिसऱ्या नावाच्या खाद्य शिंपल्यांचा संसार असतो. कल्ल्यांतून पाणी गाळून अन्नकण टिपणे हाच त्यांचा जीवनधर्म असल्यामुळे अन्नाबरोबर तेलाचे अंशही त्यांच्या देहात शिरतात. पाण्यापेक्षा चरबीत सहज मुरणारी ही बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगे, ज्यांपैकी बेंझोपायरीन हे कर्करोगकारक ठरले आहे, मासा आपल्या यकृतातील विकरांच्या बळावर बऱ्याच अंशी मोडून बाहेर टाकतो. तिसरीजवळ ते सामर्थ्य अत्यल्प असल्याने ती ही संयुगे साठवीत राहते. स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत त्यांचा बराच भाग निघून जातो खरा, पण जिचे घरच दूषित गाळात, तिला स्वच्छ पाणी कोठले?

अमेरिकेत वेस्ट फालमथ येथे 1969 साली सांडलेले तेल 30 वर्षांनंतरही दलदलीच्या गाळात सापडले. त्याच देशात 1986 पासून किनाऱ्यावरील शिंपल्यांची नियमित रासायनिक तपासणी होत आली आहे, कारण एका जागी खिळलेला शिंपला त्या जागेची खरी साक्ष देतो.

ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या आगरी-कोळी स्त्रीजवळ त्या चिखलाचा सातबारा नसतो, की ज्याच्या आधारे ती नुकसानभरपाई मागेल. म्हणून सरकारने तवंग पुसताच पंचनामा बंद न करता, खाडीतील गाळ व तिसऱ्या यांची तपासणी निदान 10 वर्षे चालू ठेवावी, तिचे निष्कर्ष मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, आणि त्या तपासणीचा सारा खर्च तेल सांडणाऱ्याकडून वसूल करावा.